काळूरामचं दुसरं पाणी

काळूराम घरतला दुसऱ्यांदा बाप्तिस्मा हवा होता आणि माझ्या वडिलांनी तो दिला नाही. म्हटलं तर एवढीच गोष्ट. वडिलांचं चुकलं होतं असंही नाही, शास्त्राप्रमाणे ते अगदी बरोबर होते. पण बरोबर असलेल्या माणसाच्या हातून केवढा घोटाळा होऊ शकतो हे मी आमच्याच घरात बघितलं. तेव्हापासून फार बरोबर बोलणाऱ्या माणसांचा मला राग येतो. त्यात मीही आलेच, कारण मी शाळेत शिकवते.

पपा पनवेलच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. मंडळी म्हणजे लहानथोर मिळून चाळीसेक डोकी, आणि चर्च म्हणजे बंदराच्या वाटेवरची एक लांबट कौलारू खोली. मागच्या आळीत बैलगाड्यांची चाकं बनवणारे सुतार होते. त्यांना रविवार-सोमवार सारखाच, त्यामुळे पपांचा उपदेश लांबला की मागून चाकांवर लोखंडी धावा ठोकल्याचा आवाज यायचा, आणि आम्हा मुलांना तो आमच्या बाजूने केलेला अर्ज वाटायचा.

काळूराम खाडीपलीकडच्या खारकोंडीचा. मिठागरात राबणारा आगरी माणूस, उंचनिंच, काळाभोर, हसला की सगळे दात दाखवणारा. मी त्याला काळूकाका म्हणायची आणि अरेतुरे करायची. कोणी अहोजाहो केलं तर तो मागे वळून कोण आलं ते बघायचा. एक्केचाळीस साली तो मिशनच्या दवाखान्यात आला तो पायांमुळे. खारट पाण्यात दिवसचे दिवस उभं राहून मिठागरातल्या माणसांच्या पायांना भेगा पडतात, भेगांच्या जखमा होतात. जखमेवर मीठ चोळणं हा आपला बोलण्यातला प्रकार आहे, त्या लोकांची ती रोजची मजुरी आहे.

दवाखान्यात मलमपट्टी करायला गुणाबाई होत्या. जीभ तिखट आणि हात मऊ. पट्टी बांधता बांधता त्या प्रभूच्या गोष्टी सांगत, ऐकणाऱ्याला पळून जाता येत नसे. धरून दिला गेला त्या रात्री प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, ही गोष्ट त्यांनी सांगितली तेव्हा काळूरामने आपला पाय मागे ओढून घेतला. मग बराच विचार करून विचारलं की ज्याने धरून दिलं त्याचेपण धुतले काय? गुणाबाई म्हणाल्या, त्याचेही धुतले. काळूराम म्हणाला, "मंग ह्यो वेगला हाय." पाय तीन महिन्यांत बरा झाला, पण काळूरामचं दवाखान्यात येणं काही थांबलं नाही.

पपांनी त्याला वर्षभर थांबवलं. घाईचा विश्वास लवकर नासतो असं त्यांचं म्हणणं. बेचाळीस साली पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, काळूराम चार वर्षांच्या मालूला, आपल्या एकुलत्या एक मुलीला, कडेवर घेऊन उभा राहिला आणि बापलेकीच्या डोक्यावर एकाच वेळी पाणी पडलं. मालूने मान झटकली, पपांचा चष्मा भिजला, सगळं चर्च हसलं. काळूरामची बायको हौसा मात्र बाहेर पायरीवर बसून होती. ती म्हणाली, माझा देव मला आहे, ह्याला घालायचं तेवढं पाणी घाला. पण नवऱ्याला सोडून ती गेली नाही, हे तिचं मोठेपण मला फार उशिरा कळलं.

कारण शिक्षा तिलाच झाली. खारकोंडीच्या जातपंचांनी त्या घराला वाळीत टाकलं. विहीर बंद, विस्तव बंद, न्हावी बंद. काळूराम दिवसभर मिठागरात असायचा आणि रविवारी आमच्याकडे येऊन बेसूर आवाजात गाणी म्हणायचा. पाण्याचा हंडा मैलभरावरून आणायची ती हौसा. माहेर त्याच वाडीत, चार घरं पलीकडे, आणि सख्खा भाऊ जगन तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं करायचा. पाच वर्षं तिने हे काढलं.

सत्तेचाळीसच्या पावसाळ्यात मालूला मुदतीचा ताप आला. गुणाबाई दिवसाआड होडीने खाडी ओलांडून जात. डॉक्टरांनी सांगितलं होतं की एकवीस दिवस काढायचे, दुसरा उपाय नाही. पंधराव्या दिवशी पोर बडबडू लागली. तेव्हा जगन इतक्या वर्षांत पहिल्यांदा बहिणीच्या उंबऱ्यात आला आणि म्हणाला की जातीत परत या, म्हणजे भगत पोरीसाठी देवापुढे बसेल, बाहेरच्यांसाठी तो बसत नाही. हौसाने नवऱ्याकडे बघितलं. ती काही बोलली नाही म्हणे. बोलली असती तर बरं झालं असतं, काळूरामला भांडता तरी आलं असतं.

त्या दिवशी तो भर पावसात आमच्या दारी आला. पपा सभेसाठी पेणला गेले होते. मी चौदा वर्षांची होते. परवा येतील, असं सांगून मी त्याला चहा विचारला. तो नको म्हणाला, ओट्यावर पाय पुसले आणि आत न येताच परत फिरला. पाय पुसून आत न येणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

जातीत परत घ्यायची त्यांची एक रीत आहे. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. परत येणाऱ्याने डोकं भादरायचं आणि भरतीच्या पाण्यात बुडी मारायची. मग ओल्या कपड्यांनीच, स्वतःच्या हाताने भात रांधायचा आणि पाच जाणत्यांना वाढायचा. पाचही जण जेवले की त्यांच्यातला मोठा उभा राहून सगळ्यांदेखत सांगतो, "हा आपला हाय, आयका." बाकीचे म्हणतात, "आयकलं." झालं. त्यानंतर मागचं कोणी काढायचं नाही. भात खाल्ला नाही तर मात्र माणूस बाहेरच. त्याच्या हातचा भात नाकारणं म्हणजे तोंडावर दार लावणं, आणि ते दार पुन्हा उघडत नाही. खरं सांगू का, ही रीत मला मनापासून आवडते. तिच्यात माणसाला उगाच अंदाज करत बसावं लागत नाही.

काळूरामने डोकं भादरलं, बुडी मारली, भात रांधला. पाचांनी खाल्ला. भगत बसला. तिसऱ्या दिवशी मालू गेली.

पपा पेणहून आले ते तसेच होडीत बसले. तिला खाडीकाठी नेलं होतं. तिथे पाळकाला जागा नव्हती म्हणून पपा बांधावर लांबच उभे राहिले. काळूरामने त्यांना बघितलं आणि त्यांच्याकडे पाठ केली. पपा घरी येऊन आईला म्हणाले की त्याने रागाने पाठ केली नाही, तोंड दाखवायला नको म्हणून केली. एवढं कळणाऱ्या माणसाला पुढे सहा वर्षांनी जे कळायला हवं होतं ते कळलं नाही, याचं नवल वाटतं.

त्यानंतर काळूराम आमच्यात आला नाही. पपा महिन्याला एकदा खारकोंडीला जात, तो मिठाच्या ढिगाआड जाई. हौसा सांगे, "हितंच हाय, पन येत नाय. बसा तुमी, मी पानी देते." आता तिच्या घरात विहिरीचं पाणी होतं, आणि ते प्यायला एक मूल कमी होतं.

प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी भाकरीचे तुकडे कापायचं काम माझ्याकडे असे. पपा एकेक नाव घेत, मी एकेक तुकडा कापी. काळूराम आमच्यातून जाऊन वर्ष झालं तरी ते त्याचं नाव घेत होते. मी म्हटलं, तो तर गेला, आता कशाला? पपा म्हणाले, "तो गेलाय. देव कुठे गेलाय?" मी तुकडा कापला. उपासना संपल्यावर तो उरायचा आणि बहुतेक वेळा मीच खायची. कित्येक वर्षं मी काळूरामच्या वाटणीची भाकरी खाल्ली, आणि हे त्याला जाऊन सांगावं असं माझ्या टाळक्यात एकदाही आलं नाही. मला वाटायचं, ही आमच्या घरातली गोष्ट.

बावन्नच्या अखेरीस हौसा काविळीने गेली. पुढच्या उन्हाळ्यात एका मंगळवारी दुपारी काळूराम आला. मी वीस वर्षांची होते, शिक्षिकेच्या परीक्षेला बसले होते. मी दार उघडलं आणि त्याला ओळखलंच नाही. डोकं भादरलेलं, अंगावरचं धोतर ओलं. तो खाडीत बुडी मारून तसाच चालत आला होता. काखेत तांदळाचं गाठोडं आणि हातात नवीन मडकं.

पपांना केवढा आनंद झाला. त्यांनी त्याला खुर्ची दिली, तो जमिनीवर बसला. मग तो म्हणाला, "मना पुन्हा पानी घाला, पाळकसायब."

पपा म्हणाले, "बाप्तिस्मा एकदाच होतो, काळूराम. पुन्हा होत नाही."

आणि मग त्यांनी समजावून सांगितलं. देवाने एकदा दिलेला शब्द झिजत नाही, माणसाने सोडला म्हणून तो सुटत नाही, पहिलंच पाणी अजून तसंच आहे, त्यावर दुसरं घालणं म्हणजे पहिल्याचा अपमान. सगळं खरं, सगळं सुंदर. पण ते उपदेशाच्या मराठीत होतं, आणि काळूराम "पुन्हा होत नाही" याच्या पुढे आलाच नव्हता. तो मान खाली घालून मडक्याच्या काठावरून बोट फिरवत होता. पपांचं संपल्यावर त्याने विचारलं, "मंग मी भात रांधतो. तुमी पाच जन खाल?"

"त्याची काही गरज नाही रे," पपा प्रेमाने म्हणाले. "आपल्यात तसलं काही नसतं."

त्यांना म्हणायचं होतं की तुला काही भरावं लागणार नाही, दार उघडंच आहे. काळूरामने ऐकलं ते एवढंच की हे लोक माझ्या हातचं खाणार नाहीत. तो उठला, गाठोडं काखेत मारलं, सगळ्यांना सलाम केला आणि गेला. मी दारातच उभी होते. त्याचा चेहरा मी बघितला. काहीतरी बिघडलं आहे हे मला कळलं होतं, अगदी स्वच्छ कळलं होतं. पण मला वाटलं, पपांना माझ्याहून जास्त कळतं, आणि दुसऱ्या दिवशी माझा गणिताचा पेपर होता. पपा त्या दिवशी संध्याकाळपर्यंत गुणगुणत होते. रविवारी येईल, असं त्यांनी आईला दोनदा सांगितलं.

तो रविवारी आला नाही, त्याच्या पुढच्याही रविवारी नाही. गुणाबाई बहिणीकडे रोह्याला गेल्या होत्या, त्या परत आल्यावर पपांनी त्यांना सगळं सांगितलं. गुणाबाई खेड्यातल्या. त्यांनी डोक्यालाच हात लावला. म्हणाल्या, "पाळकसाहेब, तुम्ही त्याचा भात परत पाठवलात?" एवढंच म्हणाल्या. तिखट जिभेची बाई, पण पुढे एक शब्द नाही, आणि त्यावरूनच पपांना कळलं की काय झालं आहे. ते तसेच, डोक्यावर टोपीसुद्धा न घालता, बंदरावर गेले.

खारकोंडीत काळूरामच्या घराला बाहेरून कडी होती. जगन म्हणाला, उरणच्या बाजूच्या मिठागरांवर गेला असेल, नाहीतर भाईंदरला, सांगून गेला नाही. जातीने तर त्याला परत घेतलं होतं, मग तो गेला का, हे जगनला कळत नव्हतं. पपा पुढची पाच वर्षं दर उन्हाळ्यात मिठागरं पालथी घालत राहिले. खाऱ्या बांधांवरून चालून त्यांच्या चपला वर्षभर टिकत नसत. "अमुक अमुक दिसणारा माणूस" असं विचारत फिरणाऱ्या म्हाताऱ्याला लोक सरकारी माणूस समजून खोटी नावं सांगत.

अठ्ठावन्न साली पपा आजारी पडले ते उठले नाहीत. शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, "शांती, काळूराम सापडला तर त्याला समजावत बसू नकोस. तो मागेल ते दे."

मी म्हटलं, मागेल ते कसं देणार? तो पुन्हा पाणीच मागेल.

"शास्त्रात बसेल तितकं दे," ते म्हणाले, आणि जरा हसले. मग भिंतीकडे तोंड करून रडले. माझ्या वडिलांना मी आयुष्यात तेवढं एकदाच रडताना बघितलं. देव विश्वासू आहे हे त्यांनी तीस वर्षं लोकांना सांगितलं होतं आणि स्वतःचा त्यावर पूर्ण भरवसा होता. पण त्या एका माणसापर्यंत ते पोचवताना आपणच आडवे आलो, हे त्यांच्या मनातून शेवटपर्यंत गेलं नाही.

चौसष्टच्या मार्चमध्ये सुकी मासळी विकणारी रंभा आमच्या ओट्यावर बसली होती. ती उरणकडची, आठवड्याला एकदा पनवेलच्या बाजारात येई. चर्चमध्ये गाण्यांचा सराव चालला होता. ती ऐकत राहिली आणि म्हणाली की शेव्याकडच्या मिठागरात एक म्हातारा आहे, तो हीच गाणी म्हणतो, पण फार वाईट म्हणतो. मीठ ओढता ओढता गातो आणि मध्येच थांबून स्वतःच्या थोबाडीत मारून घेतो. आता मात्र तो गात नाही, आजारी आहे. मी तिची टोपली तशीच ठेवून आत गेले आणि पदर तोंडात कोंबून रडले. गुणाबाई आता आमच्याकडेच असत, त्यांना दिसत नव्हतं. त्यांनी फक्त विचारलं की एस.टी. किती वाजता आहे.

जासईला उतरून मी बांधाबांधाने चालत गेले. ऊन मिठावरून उलटून डोळ्यांत येत होतं. बांधाच्या कडेला गवताने शाकारलेलं खोपटं होतं आणि दारात सोनाबाई नावाची मिठागरातलीच बाई पेज गार करत होती. तिचा त्याच्याशी काही नातासंबंध नव्हता. आत काळूराम भिंतीला टेकून बसला होता, कारण आडवं झालं की त्याला श्वास घेता येत नव्हता. पाय सुजून खांबासारखे झाले होते. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "शांते, किती ग मोठी झालीस. पाळकसायब नाय आले?"

पपा जाऊन सहा वर्षं झाली, हे मी त्याला सांगितलं. त्याने हात जोडून कपाळाला लावले. मग मी सांगितलं की पपांनी त्याला पाच वर्षं शोधलं, आणि भात नाकारला तो त्यांना रीत माहीत नव्हती म्हणून, नाकारायचा म्हणून नव्हे. समजावत बसू नकोस असं पपा म्हणाले होते, तरी मी समजावतच बसले. मास्तरीण ना.

तो ऐकत होता. मग हळूहळू, मध्ये श्वास घेत, त्याने मला एक गोष्ट सांगितली. इथे आल्यावर त्याने ठरवलं होतं की झालं ते झालं, आता त्या प्रभूचं नाव काढायचं नाही. पण सकाळी पाण्यात उतरला की तो त्याच्याशी बोलू लागायचा. आपण आता तुझे नाही, हेही तो त्यालाच सांगायचा. गाणी आपोआप तोंडात यायची. शेवटी वैतागून तो इथल्या एका भगताकडे गेला आणि म्हणाला की हा माझ्या मागे लागलाय, ह्याला उतरव. भगताने कोंबडा घेतला, दोन शनिवार बसला आणि हात टेकले.

"भगत बोल्ला," काळूराम म्हणाला, "ह्यो उतरनार नाय. ह्यो बाहेरून लागलेला नाय, ह्यो घरातला हाय."

पपांच्या सगळ्या उपदेशांत इतकं नेमकं वाक्य मला आठवत नाही. मी म्हटलं, "मग काका, अजून काय हवं तुला?" तो मान हलवत म्हणाला, "त्यो घरातला हाय, बाय. मी घरातला नाय."

मी म्हटलं, तुझ्या हातचं मी आत्ता खाते. तो आपल्या सुजलेल्या हातांकडे बघून हसला. आता रांधणं व्हायचं नाही. आणि पाणीही मला घालता येणार नव्हतं. त्याला ते माहीत असावं, कारण त्याने पाणी मागितलं नाही. म्हणाला, "पाच जन बोलव. पाच जनांसमोर सांग."

मला कसला अधिकार? मी पाळक नाही, मंडळीची पंच नाही. आमच्यात बाई पंच होत नव्हती. पण तो मागेल ते दे, असं पपा सांगून गेले होते, आणि खरं ते मोठ्याने सांगू नये असं काही शास्त्रात नाही. मी सोनाबाईला विचारलं. तिला एक अक्षर समजावून सांगावं लागलं नाही. तिने नवऱ्याला, शिवाला, हाक मारली. बांधावर मीठ ओढणारे दोघे आले आणि त्यांचा म्हातारा मुकादम आला. आल्या आल्या त्यांनी पाय धुतले आणि ओळीने बसले. पाचांतला एकही आमच्यातला नव्हता. मी उभी राहिले.

मी म्हटलं, "काळूराम घरत प्रभूचा हाय. बेचाळीस साली झाला. त्या दिसापासून आजपर्यंत त्यो एक दीसपन बाहेर नव्हता. त्यानं सोडलं, पन त्याला कोनी सोडलं नाय. आयका."

मुकादमाने मान हलवली आणि म्हणाला, "आयकलं." बाकीचे चौघेही म्हणाले.

मला वाटलं, झालं. पण काळूराम माझ्याकडेच बघत राहिला होता. मग तो म्हणाला, "आन मालू?"

मला कळेना. मी जवळ जाऊन बसले. तेव्हा त्याने सांगितलं. भरतीच्या पाण्यात बुडी मारून तो वर आला तेव्हा पंच म्हणाले की पोरीलाही पाळकांनी पाणी घातलंय, तेही धुवायला हवं. ती तापाने फणफणलेली होती. त्याने घरी जाऊन ओंजळीतून खाडीचं पाणी नेलं आणि स्वतःच्या हाताने तिचं कपाळ धुतलं. तिने डोळे उघडून विचारलं, बाबा, पुन्हा पाळकसायबांच्या देवळात आलो काय? आणि तिसऱ्या दिवशी ती गेली.

"मीच तिला बाहेर काडली," काळूराम म्हणाला. "ती लहान व्हती. ती काय बोल्ली नव्हती त्याला सोडतो म्हनून. तिचं पानी मी धुतलं. मंग ती कुठं गेली, शांते?"

सोनाबाईने तोंडाला पदर लावला. सतरा वर्षं हा माणूस स्वतःसाठी नव्हता झुरत. त्याला वाटत होतं, आपल्यावर पुन्हा पाणी पडलं, आपण पुन्हा आत गेलो, तर आत जाऊन आपल्या पोरीसाठी कोणाचे तरी पाय धरता येतील. मी त्याचा हात धरला, मग उठून उभी राहिले.

"मालू काळूराम घरत प्रभूची हाय. तिच्या बापानं तिचं कपाल धुतलं, पन देवाचा हात धुऊन जात नाय. ती एक क्षनपन बाहेर नव्हती. ती त्याच्यापाशी हाय. आयका."

मुकादमाने डोक्यावरचं फडकं काढून मांडीवर ठेवलं आणि मग म्हणाला, "आयकलं." शिवा म्हणाला, ते दोघे म्हणाले, सगळ्यांत शेवटी सोनाबाई म्हणाली. काळूराम रडला नाही. त्याने डोकं भिंतीला टेकलं आणि सोनाबाईकडे पेज मागितली.

त्याच आठवड्यात गुरुवारी तो गेला. मुकादमाने निरोप पाठवला आणि आम्ही त्याला बैलगाडीतून पनवेलला आणून पुरलं. नवे पाळक चांगले होते, पण नियमाचे. त्यांनी विचारलं की ह्याला मंडळीत परत कधी घेतलं? मी म्हटलं, परत घेतलंच नाही, तो बाहेर गेला असता तर परत घेतला असता. ते पुस्तक उघडून प्रार्थनेला लागले. गुणाबाई माझा दंड धरून उभ्या होत्या, त्यांनी तो जरा दाबला.

देवाचं काही अडलं नव्हतं. तो त्या मिठागरात काळूरामबरोबर रोज पाण्यात उतरत होता आणि मालू त्याच्यापाशी होती, यावर माझा विश्वास आहे. अडलं होतं ते आमचं. त्या मंगळवारी पपा त्याच्याशी अर्धा तास बोलले, मी दारात उभी राहून सगळं ऐकलं, आणि आमच्यापैकी एकानेही त्याला विचारलं नाही की काळूराम, तुला पुन्हा पाणी कशाला हवं रे.